मधू, मागचा पत्रा मी काढला

मधू,

तुझ्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. एकेक जण उठायचा, माईक हातात घ्यायचा आणि सांगायचा, मधुकरराव शांत होते, कधी आवाज चढवला नाही, कुणाशी वाद घातला नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. अरे, कोण मधुकरराव? कुणाची सभा आहे ही? तीस वर्षं माझ्या समोरच्या दारात राहिलेला माणूस सकाळच्या चहाला भांडायला बसायचा. चहातल्या साखरेवरून भांडायचास. टाकी किती वाजता भरते यावरून भांडायचास. आपल्या जुन्या चाळीला खोल्या बावीस होत्या की चोवीस, यावरून तू एकदा आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास, आणि आठव्या दिवशी कोरा कागद घेऊन माझ्या दारात आलास. म्हणालास, "नाना, तुझं म्हणणं काय आहे ते लिहून दे."

लिहून दे! तुझं हे एकच हत्यार. जन्म कचेरीत गेला तुझा, तिथे लिहून दिल्याशिवाय काही खरं नसतं. मी चौथीतून उठलेला, वागळे इस्टेटला पत्र्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. मी काय लिहून देणार? मी म्हणायचो, माझं काम बघ, तेच माझं लिहिणं. तू हसायचास. कागद घडी करून खिशात ठेवायचास, पुढच्या भांडणाला लागेल म्हणून.

सभेत शेवटी माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "मधू भांडखोर होता," आणि माईक परत दिला. कट्ट्यावरची मंडळी नाराज झाली. सेक्रेटरी जिन्यात गाठून म्हणाला, "नाना, निदान मधुकररावांच्या आठवणींच्या पुस्तिकेसाठी चार चांगले शब्द लिहून द्या." त्यालाही लिहूनच पाहिजे. इतके महिने टाळलं, आज बसलोय. पण चांगले शब्द येतील याची खात्री देत नाही. मला तुझा राग आलेला आहे, आणि तो कशावरून आलाय ते इथल्या लोकांना कळलं पाहिजे.

तुझ्या एसीवरून.

तू एसी घेतलास तेव्हाच मी विरोध केलेला. ठाकुर्लीत माणसं काय एसीशिवाय मरतात? तर तू म्हणालास, हाताला घाम येतो, कागदावर उतरतो, शाई फुटते. ते मात्र खरं होतं. अर्ध्या बिल्डिंगचे अर्ज तू लिहायचास. रेशनकार्डाचे, मीटरचे, पेन्शनचे. माझ्या पेन्शनचा तर तूच लिहिलास, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा माझ्याशी भांडून. खिडकीजवळ टेबल, टेबलावर काच, आणि बाहेरच्या ग्रिलमध्ये एसीचा तो आउटडोअर. पाठ तुझ्या खिडकीकडे आणि पंखा रस्त्याकडे.

पहिल्याच वर्षी कबुतरीण आउटडोअर आणि खिडकीच्या मधल्या जागेत बसली. दोन अंडी. मी म्हणालो काढ, तू म्हणालास नाही. पिल्लं उडेपर्यंत सहा-सात आठवडे तू भर एप्रिल-मेमध्ये एसी लावला नाहीस. मांडीवर टॉवेल घेऊन अर्ज लिहायचास. मला ते बघवेना. मी तुझ्यावर ओरडलो, आणि घरी येऊन पलंगाखालचं हत्यारांचं पोतं ओढलं.

आउटडोअरभोवती बसेल अशी पेटी मी पंधरा दिवसांत बनवली. बावीस गेजचा पत्रा, वर उतार, तिन्ही बाजू बंद, पुढे बारीक जाळी. सगळीकडे रिव्हेट, फक्त खिडकीकडची मागची बाजू नट-बोल्टची, म्हणजे सर्व्हिसिंगला उघडता यावी. बोल्टांचं माप असं की एकही डोकं वर-खाली नाही. राखाडी रंग दोन हात. बिल्डिंगमधली माणसं तुझ्या बेडरूममध्ये येऊन बघून गेली. वहिनी सगळ्यांना चहा करून दमल्या.

तू हात मागे बांधून बघत उभा होतास. मग म्हणालास, "नाना, हवा कुठून जाणार रे?"

"पुढून. जाळी आहे की."

"पुढून जाईल. मागून येणार कशी?"

"मागून कबुतर येतं."

"मग मागेपण जाळीच लाव."

मी भडकलो. जाळी लावली असती तर ते कोंबड्यांचं खुराडं दिसलं असतं. मी पत्रेवाला आहे, खुराडी बांधत नाही. तुला हवेतलं काय कळतं, फायलीतलं कळतं. तू म्हणालास, "हवा पुरते असं लिहून दे." मी म्हणालो, "पत्र्यावर हात ठेवून बघ, तेच लिहिलंय." तू खरंच हात ठेवलास आणि म्हणालास, "काम मात्र झकास झालंय हो."

त्यानंतर महिनाभरातच माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरनी नाव सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं नाही. हत्यारांचं पोतं परत पलंगाखाली गेलं. त्यावर आपण काही बोललो नाही. तू फक्त माझा चहा कपाऐवजी मोठ्या मगमध्ये अर्धा द्यायला लागलास, म्हणजे सांडू नये. आणि साखरेवरून भांडलास.

पुढच्या उन्हाळ्यात तुझा एसी दगा द्यायला लागला. सकाळी गार, दुपारी एक वाजला की नुसता वारा. अर्ध्या तासाने पुन्हा गार, पुन्हा बंद. तू कळव्याहून साळवीला बोलावलंस. चांगला पन्नाशीचा, हात बसलेला मेकॅनिक. त्याने बघितलं, तुला गॅलरीत नेलं, काहीतरी बोलला. तुम्ही दोघं परत आलात, आणि साळवी माझ्याकडे न बघता म्हणाला, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे."

मी केवढा खूश झालो! बघ, म्हटलं, मशीनला दोष नाही, पेटीला दोष नाही, दोष लाइटवाल्यांचा. तू स्टॅबिलायझर आणलास. तरी बंद पडायचा. मग कपॅसिटर बदलला. तरी बंद पडायचा. मग गॅस भरला, मग धुतला. धुवायला मागचा पत्रा मीच काढायचो आणि मीच लावायचो, साळवीला पाना लावू द्यायचो नाही. पत्रा काढलेला असताना एसी छान चालायचा. मी म्हणायचो, "धुतला ना, म्हणून." आणि लावला की दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मधू, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. आंधळा माणूससुद्धा गरम-गार ओळखतो. मी ओळखलं नाही.

उलट मी कट्ट्यावर बसून काय सांगितलं? मधूला डुप्लिकेट मशीन गळ्यात मारलं. मधूला खरेदीतलं काही कळत नाही. दोन उन्हाळे सांगितलं. तुझ्या तोंडावर सांगितलं. आणि तू, साखरेच्या अर्ध्या चमच्यासाठी आठवडाभर अबोला धरणारा माणूस, म्हणायचास, "असेल बाबा. फसलो असेन."

तिथेच मला कळायला पाहिजे होतं. तू आणि फसलो असेन म्हणतोस? चाळीस वर्षं अर्जातले काने-मात्रे काढलेला माणूस? मला वाटलं, वयाने नरम पडला. मला वाटलं, अखेर मी जिंकलो.

हॉस्पिटलमध्येही मी तेच केलं. कल्याणला तुला भेटायला आलेलो, तिसऱ्या दिवशी. वॉर्डात मस्त गार होतं. तू मास्क बाजूला करून म्हणालास, "नाना, इथला एसी बघ कसा चालतोय." मी म्हणालो, "यांच्या आउटडोअरला माझी पेटी नाही. कबुतरांनी घाण करून ठेवली असेल बघ." तू इतका हसलास की खोकला आला आणि सिस्टर माझ्यावर ओरडली. मग तू बोट वर केलंस. भांडण सुरू करताना करायचास तसं. मी खुर्ची पुढे ओढली. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "जाऊ दे."

जाऊ दे! तीस वर्षांत तू हा शब्द माझ्याशी वापरला नव्हतास. आणि वापरलास कधी, तर शेवटच्या दिवशी.

तू थंडीत गेलास. मार्चच्या शेवटी ऊन चढलं तेव्हा वहिनींनी एसी लावला, त्यांची बहीण टिटवाळ्याहून राहायला आलेली म्हणून. दुपारी एकला बंद. वहिनींनी मला न सांगता साळवीला फोन केला. मी जिन्यात त्याची पिशवी बघितली आणि त्याच्या मागोमाग आत शिरलो.

त्याने आउटडोअरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "नाना, व्होल्टेजच आहे."

"किती आहे?"

"कमी असेल."

"असेल नाही. मोज."

मोजलं. दोनशे अठ्ठावीस. चोख.

"मग कपॅसिटर."

"गेल्या मे महिन्यात तूच टाकलास. मोज."

मोजला. ठीक निघाला. पुढचा पंखा फिरत होता. गॅसचं मीटर लावलं. तो म्हणाला, "गॅस आहे. उलट प्रेशर चढलंय."

"का चढतं?"

"तापतं म्हणून."

"का तापतं, साळवी?"

साळवी पाना हातात फिरवत वहिनींकडे बघायला लागला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा आता. ज्यांनी तोंड बंद ठेवायला सांगितलेलं ते गेले."

साळवी खाली बघून बोलला. "नाना, हा मागून हवा ओढतो आणि गरम करून पुढून फेकतो. मागून तुमचा पत्रा आहे. त्याला ओढायला हवाच नाय. मग पुढची गरम हवा फिरून परत आत घेतो. कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, गार झाला की चालू होतो. पहिल्याच दिवशी काकांना सांगितलेलं मी. काका म्हणाले, पेटीचं नाव काढलंस तर परत या घरात येऊ नकोस."

मी म्हणालो, "खोटं. पत्रा काढून दाखवतो. काढला तरी बंद पडणार."

घरातून पाना आणला. पहिला नट सुटला आणि मी थांबलो. ही माझी फिटिंग नव्हती. नटाचे कोपरे खाल्लेले होते, पकडीने आवळल्यासारखे. वायसर उलट्या बाजूला. दुसऱ्याचं तेच. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या आड, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे नट-बोल्ट नव्हताच. तिथे भोकातून फाईलचा टॅग ओवलेला होता. दोन्ही टोकांना पत्र्याची बोंडं असतात तो, कचेरीतला, हिरवा. त्याला नीट गाठ मारलेली.

मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही ऑक्टोबरमध्ये गावी गेलेलात ना, भातकापणीला. बारा दिवस. तुमची गाडी गेली त्याच दुपारी यांनी पत्रा काढला. बारा दिवस एसी एकदा बंद पडला नाही. तुम्ही येणार त्या दिवशी सकाळपासून परत लावत बसलेले. एक बोल्ट खाली रस्त्यावर पडला, तो काही मिळाला नाही. घामाने निथळत होते. मी म्हटलं, अहो, सांगून टाका ना नानांना एकदा."

"मग?"

"म्हणाले, त्याचं ते शेवटचं काम आहे. ते उचकटून त्याच्याच हातात देऊ का?"

मधू, मी तुला विचारतो. कुणी सांगितलेलं तुला? कुणी मागितली होती तुझी दया? तू मला ओळखत नव्हतास? मी काय काचेचा होतो? वागळे इस्टेटला साहेबाने माझं काम सगळ्यांसमोर परत केलं तर मी रात्रपाळी मारून नवं करून दिलेलं, हे तुलाच सांगितलेलं ना? तू सरळ म्हणायला पाहिजे होतंस, नान्या, तुझी पेटी चुकली. मी शिव्या दिल्या असत्या. महिनाभर बोललो नसतो. मग पोतं ओढलं असतं आणि जाळी लावून दिली असती, कशीबशी. हात थरथरला असता तर तू पत्रा धरला असतास. भांडत भांडत केलं असतं. ते माझं शेवटचं काम आहे हे तू परस्पर ठरवलंस. मला न विचारता मला रिटायर केलंस तू. तुझ्या कचेरीत सुद्धा नोटीस देत असतील.

आणि दोन उन्हाळे तू त्या खोलीत घामाघूम बसलास. मी रोज दुपारी समोर बसून तुला डुप्लिकेट मशीनवरून टोमणे मारत होतो आणि तू टॉवेलने कागद टिपत होतास. मला असं सांभाळून घेणारा तू कोण?

एक सांगतो, इतर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कल्याणला जाऊन तुझ्या डॉक्टरना गाठलं. दोन तास बाहेर बाकड्यावर बसलो. विचारलं, दोन उन्हाळे माणूस गरमीत राहिला तर थंडीत त्याचं असं होऊ शकतं का? ते म्हणाले, काका, नाही, फुप्फुसात इन्फेक्शन होतं, त्याचा उन्हाळ्याशी संबंध नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा विचारणार होतो, पण ते म्हणाले, "तुम्ही त्यांचे भाऊ का?" मी उठून आलो.

तर त्या दुपारी पत्रा काढला आणि मी खुर्ची टाकून एसीसमोर बसलो. साळवीला जाऊ दिलं नाही. एक वाजला. दोन वाजले. मी मनात म्हणत होतो, बंद पड. एकदा बंद पड, मेल्या. तीन वाजले. वहिनींची बहीण शाल घेऊन झोपली. साळवीने दुसरा चहा घेतला. बंद पडला नाही. त्याला काय, त्याला हवा मिळत होती.

मग मी साळवीला जाळी आणायला पाठवलं. मोठ्या भोकाची, म्हणजे हवा येईल पण कबुतर येणार नाही. अगदी तू पहिल्या दिवशी म्हणालेलास तशी. तो म्हणाला, "नाना, मी कापतो, तुम्ही बसा." मी म्हणालो, "तू धर. कात्री मी चालवणार." चौकट वाकडी झाली, मधू. डावी बाजू खाली आणि उजवी वर. बोल्टांची डोकी एका रेषेत नाहीत. खुराडंच दिसतंय. माझी बायको येऊन बघून गेली आणि म्हणाली, "दोन म्हाताऱ्यांना एक जाळी लावायला तीन वर्षं लागली."

खालच्या उजव्या कोपऱ्यात नवा बोल्ट बसला असता. माझ्याकडे होता. बसवला नाही. तिथे तुझाच टॅग परत ओवलाय, तुझ्यासारखीच गाठ मारून. गाठ बरी मारायचास, एवढं कबूल आहे.

हे मी तुझ्या टेबलावर बसून लिहितोय. वहिनींनी बसवलं. टेबलावरच्या काचेचा गारवा मनगटाला सोसेना, म्हणून कागदाखाली तो मागचा पत्रा घेतलाय. अजून सपाट आहे, कुठे पोचा नाही. दुपारचे अडीच वाजलेत. एसी चालू आहे. अक्षर वाकडं येतंय ते हातामुळे. घामाचा थेंब एक नाही. पुस्तिका छापणाऱ्यांनी चुका सुधारल्या तरी चालतील, तू नाहीस म्हणून त्यांना परवानगी देतोय. पण खालचे शब्द आहेत तसे ठेवायचे. ते सभेतल्या चांगल्या शब्दांपैकी नाहीत. ते तू तीस वर्षं मागत होतास आणि मी देत नव्हतो.

मी लिहून देतो की, मधूच्या आउटडोअरला मी बनवलेली पेटी चुकीची होती. मागून जाळी पाहिजे होती. मधूने हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मशीन डुप्लिकेट नव्हतं. मी कट्ट्यावर बोललो ते सगळं परत घेतो.

चाळीला खोल्या मात्र बावीसच होत्या. ते परत घेणार नाही. ये आणि भांड.

सही,
नाना